आर्लिसने चिठ्ठीवाचून दाखवलेला खांदा

आर्लिस ब्यर्कीचा उजवा खांदा दुखतो हे स्कोगली गावात सगळ्यात आधी कळलं ते तिच्या नवऱ्याला, आणि तेही तिने सांगितलं म्हणून नव्हे. ऑर्विनचं उभं आयुष्य गाईंच्या गोठ्यात गेलेलं. जनावर कुठल्या पायावर भार कमी टाकतंय हे लांबून ओळखायची त्याला सवय. सप्टेंबरातल्या एका रविवारी चर्चला निघताना त्याने पाहिलं, बायको कोटाची उजवी बाही आधी चढवते आणि उरलेला कोट डाव्या हाताने अंगावर ओढून घेते. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला कायम डावी बाही आधी घालताना पाहिलेलं.

"खांदा?" त्याने विचारलं.

"कसला खांदा?" आर्लिस म्हणाली.

"बरं," म्हणून ऑर्विन गाडी काढायला गेला. ब्यर्कींच्या घरात याला कडाक्याचं भांडण म्हणतात.

खांद्याला झालं काय होतं, तर काहीच नाही. ती पडली नव्हती, धडपडली नव्हती. उन्हाळ्यापासून तो हळूहळू आखडत गेला होता, आणि आता केस विंचरायचे तर मान हाताकडे न्यावी लागे. कुठल्याही शहाण्या माणसाने डॉक्टर गाठला असता. गावात दवाखाना आहे, डॉक्टर स्वभावाने गरीब आहेत. पण दवाखान्याच्या दारात काचेमागे जी बाई बसते आणि नाव-गाव लिहून घेते, ती जिनेट ओडेगार्ड. तिथेच सगळं घोडं अडलं होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या तळघरात लूटफिस्कचं, म्हणजे नॉर्वेहून आलेल्या पूर्वजांच्या रीतीने क्षारात भिजवलेल्या सुक्या माशाचं, जेवण असतं. निम्म्या मिनेसोटातून माणसं लोटतात. मासा आवडतो म्हणून नव्हे. तो पांढरा, थरथरता, दरवळणारा मासा आपल्याला मनापासून आवडतो असं अजून कुणी शपथेवर सांगितलेलं नाही. माणसं येतात ती लेफ्सासाठी. उकडलेल्या बटाट्याची, साय-लोणी घालून मळलेली, पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं इतकी पातळ पोळी. लोणी फासायचं, साखर भुरभुरायची, गुंडाळी करायची आणि डोळे मिटायचे. जेवणाआधी कित्येक मंगळवार बायका तळघरात लेफ्से करून ठेवतात. बटाटे सोलणाऱ्या वेगळ्या, तव्यावर चपट्या लांब काठीने उलटणाऱ्या वेगळ्या, आणि सगळ्यांच्या वरचढ लाटणाऱ्या. त्यांच्या टेबलाच्या डोक्याला, म्हणजे मानाच्या पहिल्या जागी, खाचांचं मोठं लाटणं घेऊन, आर्लिस.

त्या जागेवरून कुणी आपणहून उठल्याचं गावाला आठवत नाही. आर्लिसच्या आधीची बाई नव्वदीला टेकली तेव्हाही तिथेच होती. शेवटी तिचे लेफ्से नॉर्वेच्या नकाशासारखे व्हायला लागले, तरी लोकांनी ते तसेच लोणी लावून खाल्ले, पण "बाई, आता बसा" म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आणि त्या जागेच्या शेजारची, दुसरी जागा कित्येक वर्षं कुणाची? जिनेटची. जिनेटने पहिल्या जागेबद्दल आजवर एक अक्षर काढलेलं नव्हतं, आणि नेमकं तेच आर्लिसला खुपत होतं. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय काय चाललेलं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः न बोलणारीच होती.

म्हणजे दवाखान्यात जायचं तर आधी जिनेटला सांगायचं, "माझा उजवा खांदा गेला." त्यापेक्षा खांदा गेलेला बरा.

तेवढ्यात गावातल्या जोड्यांच्या बंद पडलेल्या दुकानावर नवी पाटी लागली. 'फिजिओथेरपी. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. या.' शेवटचा तो 'या' गावाला जरा आगाऊच वाटला. पण पाटी लावणारी रोझाना पाल्मिएरी होती न्यू जर्सीची. आपल्या शाळेतल्या बँडमास्तरने तिकडून लग्न करून आणलेली. मोठ्याने हसायची, रस्त्यात भेटली की मिठी मारायची. बायका तिला लांबून पाहून पलीकडच्या फुटपाथवर जात. रागाने नव्हे, मिठी चुकवायला.

आर्लिसने ती पाटी गाडीतून तीनदा वाचली आणि चौथ्यांदा आत शिरली.

"चिठ्ठी नाही आणलेली मी," ती उंबऱ्यावरूनच म्हणाली.

"नकोच आहे. इथे सरळ यायची मुभा आहे तुम्हाला. बसा ना. विम्याला डॉक्टरांची सही लागते, पण ती मागाहून, मी बघीन ते. आणि तपासताना मला काही भलतंच दिसलं, तर मीच तुम्हाला कान धरून डॉक्टरकडे नेईन."

'सही' हा शब्द आर्लिसच्या एका कानाने ऐकला, पण चिठ्ठीवाचून आत येता आलं याच आनंदात ती होती. दुसऱ्या कानापर्यंत तो पोचलाच नाही.

रोझानाने हात वर उचलायला लावला, मागे न्यायला लावला, पाठीवरून खालपर्यंत बोटांनी चाचपलं. "काळजीसारखं काही नाही. आखडलाय. दुखतं किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याच्या पलीकडे दुखूच शकत नाही."

आर्लिसने प्रामाणिकपणे विचार केला. दहा म्हणजे ऑर्विनच्या काकाचा हात मका सोलायच्या यंत्रात गेला होता, ते. आणि काकासुद्धा घरात येऊन एवढंच म्हणाला होता, "जरा अडकलाय." मग आपण कोण लागून गेलो?

"दोन," ती म्हणाली.

रोझानाच्या कपाळावर आठी पडली. हात खांद्याच्या वर जात नाही आणि दुखणं दोन? पण तिच्या माहेरी माणसं टेबलाच्या पायाला अंगठा लागला तरी नवापासून सुरुवात करतात. दोन म्हणणारा रुग्ण तिने जन्मात पाहिला नव्हता. तिला वाटलं, उत्तरेकडची काटक हाडं असतील. आखडलाय, पण दुखत नाही. मग ताणायला काय हरकत आहे? तिने बऱ्यापैकी जोराचे व्यायाम दिले. भिंतीवरून बोटं चढवायची, दाराच्या कडीला रबरी पट्टा अडकवून ओढायचा.

"सकाळ-संध्याकाळ करा. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

आर्लिसने ते सकाळ-संध्याकाळ केले आणि वर दुपारीही केले, कारण जे काम थोडं केल्याने बरं ते जास्त केल्याने जास्त बरं, असं ती मुलांना शिकवत आली होती. आठवडा गेला, दुसरा गेला. दर खेपेला रोझाना विचारायची, "काय म्हणतोय खांदा?" आणि आर्लिस सांगायची, "तक्रार नाही." खरं म्हणजे खांदा आता इतका ठणकत होता की डाव्या कुशीवरच झोपावं लागे, आणि डाव्या कुशीला ऑर्विन घोरे. रोझाना म्हणे, तक्रार नाही ना, मग पट्टा जरा जाड घेऊ.

आता गाडीची गंमत ऐका. ब्यर्कींची हिरवी गाडी गावात पोरंसोरंही ओळखतात. ती जोड्यांच्या दुकानापुढे उभी राहिली असती तर दुपारपर्यंत बातमी शेजारच्या गावात. म्हणून आर्लिस गाडी कोपऱ्यावरच्या बेकरीपुढे लावायची. पण बेकरीपुढे गाडी लावून बेकरीत न जाणं संशयास्पद, म्हणून आधी आत जाऊन कॉफी आणि डोनट घ्यायची, मग मागच्या दाराने गल्लीतून रोझानाकडे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. भांडं तर लपलं नाहीच. उलट आर्लिस हल्ली डोनटच्या नादी लागली आहे आणि मागच्या दाराने कुठेतरी जाते, अशी दुहेरी बातमी गावाला मिळाली. तिने कंबरेला घट्ट होणारा स्कर्ट सैल करून घेतला तेव्हा शिवणाऱ्या बाईने काही विचारलं नाही. विचारण्यासारखं उरलंच काय होतं?

ऑक्टोबरात एका सकाळी ती अशीच बेकरीत कोपऱ्यात बसली होती, कप डाव्या हातात. खिडकीजवळच्या टेबलावर ऑर्विन आणि त्याचे मित्र फासे टाकून कॉफी कोण पाजणार ते ठरवत होते. त्यात एल्डन होता, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, गावात बोलण्याची सगळी कसर एकटा भरून काढणारा. तेवढ्यात पावाला म्हणून रोझाना आत आली. पाव घेतला आणि थेट त्यांच्याच टेबलापाशी जाऊन उभी राहिली. कोपऱ्याकडे तिची पाठ होती.

"एल्डन, तुम्ही इथले जुने. मला एक सांगा. कुणाचं नाव नाही, गाव नाही. दुखणं शून्य ते दहा असं मोजलं, आणि इथलं माणूस 'दोन' म्हणालं, तर मी काय समजायचं?"

फासे थांबले. कोपऱ्याकडे बघायचं नाही म्हणून टेबलावरच्या साऱ्या म्हाताऱ्यांनी आपापली वेगळी दिशा शोधली. एकाने तर पंख्याकडे मान वर करून ठेवली.

"कोण आहे त्यावर आहे," एल्डन सावकाश म्हणाला. "बाई की बाप्या?"

"समजा, बाई."

"शेतावरची?"

"समजा."

"सत्तरी उलटलेली?"

"हो, समजा की."

"मग दोन म्हणजे हात अजून धडाला आहे."

"आणि 'तक्रार नाही'?"

"ते आमच्या आजोबांनी जाताना म्हटलं होतं," एल्डन म्हणाला. "आम्ही पाद्रीबुवांना बोलावून घेतलं."

रोझानाने पाव छातीशी धरला. "अरे देवा. मी तिला जाडा पट्टा दिलाय."

आर्लिस कपात बघत होती. त्या कपात बुडी मारता आली असती तर तिने मारली असती. आणि मग एक आवाज आला, फारसा कुणाच्या ऐकण्यातला नसलेला.

"आठ," ऑर्विन म्हणाला.

एल्डनने घसा साफ केला. "ऑर्विन म्हणतो आठ. त्याला कळतं यातलं. म्हणजे, गाईंमुळे."

परतताना गाडी ऑर्विनच्या हातात होती. मक्याची रानं कापून मोकळी पडली होती.

"आठ?" शेवटी आर्लिस म्हणाली. "साऱ्या गावादेखत?"

"साडेसात म्हणायला हवं होतं का?"

आर्लिस खिडकीबाहेर बघू लागली. तिला हसू येत होतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं, कारण हसताना खांदा हलत होता.

पुढच्या खेपेला ती गेली तेव्हा रोझानाने रबरी पट्टा उचलून कपाटात टाकला.

"चूक माझी," ती म्हणाली. "आकडे बंद. दुखतं किती ते मी आता विचारणारच नाही. कुठली कामं अडलीत तेवढं सांगा."

आणि गंमत बघा. दुखणं विचारलं तेव्हा जिच्या तोंडून एक आकडा निघाला होता, तिला कामं विचारल्यावर धरण फुटलं. वरच्या फळीवरची परात काढता येत नाही. पडदे काढून धुवायचे राहिलेत. चर्चमध्ये स्तोत्रांचं पुस्तक ऑर्विनला धरावं लागतं, आणि तो ते स्वतःला दिसेल असं धरतो. कुत्र्याला डाव्या हाताने थोपटलं तर तो संशयाने बघतो. बोलता बोलता ती थांबली आणि हळूच म्हणाली, "आणि लाटणं धरवत नाही."

रोझाना खुर्ची ओढून समोर बसली. तो मिठी मारायचा क्षण होता, पण पोरगी आता गावात शिकली होती. तिने फक्त मान हलवली.

"खांदा सुटेल. शेक घ्यायचा, हात लोंबता सोडून हळू झोके द्यायचे, मी सांगते त्याच्या वर काही करायचं नाही. दुपारचं तर नाहीच. वसंतापर्यंत परात काढाल तुम्ही. पण या नोव्हेंबरात लाटणं नाही."

"अर्धा दिवस?"

"नाही."

"एखादा घाणा?"

"हौसेपुरते दोन-चार लेफ्से लाटा. त्याच्या वर लाटलंत तर वसंतही विसरा. आणि हो, विम्यासाठी ती डॉक्टरांची सही लागत होती ना, ती आली. मागवली त्याच दिवशी आली बघा. दवाखान्यात ती कोण बाई बसते, फार तत्पर आहे."

म्हणजे एवढा गल्लीतून वळसा, एवढे डोनट, सगळं पाण्यात. जिनेटला सारं कळलं होतं, केव्हाचंच. आणि त्याच दिवशी सही मिळवून दिली, इतकी घाई? घरी येईपर्यंत आर्लिसच्या मनात जिनेटने लाटणं हातात घेतलं होतं, टेबलाच्या डोक्याला उभी राहिली होती आणि एप्रनही नवा शिवला होता.

लेफ्स्यांचा पहिला मंगळवार उजाडला. तळघरात बटाट्याची वाफ कोंदलेली, तवे तापलेले, बायका आपापल्या जागी. खाचांचं लाटणं टेबलाच्या डोक्याला, नेहमीच्या जागी. आर्लिसने डाव्या हाताने एप्रनची गाठ कशीबशी मारली. जिनेटचा एप्रन जुनाच होता.

इथे एक रीत सांगितली पाहिजे. आपल्याकडे कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा दिलं तरी नकोच म्हणायचं. तिसऱ्यांदा दिलं तर ते खरं देणं, मग घ्यायचं. कॉफी असो, केकचा शेवटचा तुकडा असो नाहीतर शेतजमीन, सगळ्याला हाच कायदा. ज्याला मनातून द्यायचं नसतं तो दोनदा विचारतो आणि थांबतो. त्याची अब्रूही राहते आणि तुकडाही.

"जिनेट, आज तू सुरू कर," आर्लिस म्हणाली.

तव्यावरच्या काठ्या थांबल्या.

"छे, तुझं टेबल आहे," जिनेट म्हणाली.

"खरंच. तू घे आज."

"नको ग. मी इथे बरी आहे."

झालं. दोनदा विचारून झालं होतं, दोनदा नकार मिळाला होता, अख्ख्या तळघराने ऐकला होता. आता आर्लिसने लाटणं उचललं असतं तर तिला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. तिने डावा हात लाटण्यावर ठेवला, खाचांवरून बोटं फिरवली. बटाट्याचे गोळे निवत चालले होते.

जिनेट एक पाऊल सरकून जवळ आली, आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "त्या सहीचं मी कुणाला बोलले नाही. डॉक्टर दुपारी जायचे होते, म्हटलं उगीच तुझे उपचार अडायला नकोत. म्हणून जेवायच्या आधी घेतली. आजही कुणाला काही कळायचं कारण नाही. तू टेबलाच्या डोक्याला उभी राहा, मी शेजारून लाटते. लाटणारी तूच दिसशील."

आर्लिसने तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजारी उभं राहून तिने जिनेटचे लेफ्सेच पाहिले होते, तोंड नीट पाहिलं नव्हतं. दमलेलं, साधं तोंड होतं. नाकाला पीठ लागलेलं.

"माझा खांदा दुखतो," आर्लिस म्हणाली.

कुजबुजत नव्हे, चांगली मोठ्याने. तळघरात असं वाक्य कुणी उच्चारल्याची नोंद नाही. मागे कुणाच्या तरी हातून बटाटे दाबायचा साचा खाली पडला.

"फार दुखतो," ती पुढे म्हणाली, एकदा दार उघडलंच आहे तर. "घे जिनेट. तिसऱ्यांदा सांगतेय."

जिनेटने लाटणं घेतलं.

मग काय, सगळ्या बायका एकदम भयंकर कामाला लागल्या. आर्लिसच्या मागे कुणीतरी खुर्ची आणून ठेवली, कुणीतरी डाव्या हाताशी कॉफी ठेवली. आर्लिस बसून लेफ्स्यांच्या घड्या घालू लागली. ते एका हाताने येतं. थोड्या वेळाने पाद्रीबुवांची बायको घड्या घ्यायला आली, इकडेतिकडे बघितलं आणि खाली वाकून म्हणाली, "ती न्यू जर्सीवाली गुडघ्यांचं पण बघते का ग?"

जेवणाच्या शनिवारी रांग थेट कबरस्तानापर्यंत गेली होती. इतकी वर्षं आर्लिसने हे जेवण सगळ्यांची पांगापांग झाल्यावर, उभ्याने, गार खाल्लेलं. यंदा ती पहिल्या पंगतीला बसली, ऑर्विनच्या शेजारी, निळा पोशाख घालून, पाहुणीसारखी. मासा आला तो वाफाळता. वितळलेलं लोणी ओतलं. एक घास खाल्ला. गरम असला की मासा इतका काही वाईट लागत नाही हे तिला पहिल्यांदा कळलं.

मग लेफ्सा. तिने तो उजेडाकडे धरला, कडा बोटांनी चाचपल्या.

"काय?" ऑर्विनने विचारलं.

"कडेला जरा जाड लाटते जिनेट."

"हं."

तिने लोणी लावलं, साखर भुरभुरली, गुंडाळी केली. खाल्ला. दुसरा घेतला. ऑर्विनने लोण्याची बशी तिच्या डाव्या हाताकडे सरकवली. पुढल्या टेबलावरून कुणीतरी हात केला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जिनेट दिसत होती, कोपरापर्यंत पीठ, गाल लाल, आणि बघायला गेलं तर खूश.

पहिली पंगत उठायची वेळ झाली. जिन्यावर दुसऱ्या पंगतीची माणसं ताटकळत होती आणि खुर्च्या मोकळ्या करून घ्यायचं काम एल्डनकडे होतं. तो आर्लिसच्या मागे येऊन उभा राहिला, घसा साफ केला.

"आर्लिस, लोक खोळंबलेत. उठायचं का?"

आर्लिसने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मला कसलं उठवतोस?" ती म्हणाली. "खांदा दुखतो माझा. जा, आणखी एक लेफ्सा घेऊन ये."